तुम्ही विचारलंत म्हणून: पंच्याण्णव म्हणजे हुशार का कमी?

बुद्ध्यांक चाचणीचा रिपोर्ट घेऊन आई-वडील येतात आणि बहुतेकांचं बोट एकाच आकड्यावर असतं. "मॅडम, पंच्याण्णव आलाय. पोरगं हुशार म्हणायचं का कमी?" सोलापुरातल्या शाळांमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो.

९५ हे शंभरपैकी पडलेले मार्क नव्हेत. त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण तीनातली दोन मुलं ८५ ते ११५ च्या आत येतात. शेजारी 'पर्सेंटाइल ३७' दिसलं की काही आयांचे डोळे भरून येतात, कारण ३७ म्हणजे काठावर पास असं त्यांना वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या वयाच्या शंभर मुलांतली सुमारे ३७ त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. मूल सरासरीतच आहे.

पण मला स्वतःला तो आकडा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पुढची पानं बघा. समजा, शब्दांच्या भागात ८४ आणि आकृत्या-ठोकळ्यांच्या भागात ११२ आहेत. इतकं अंतर असेल तर एकूण ९५ त्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. एका बाजूला त्याची पकड उत्तम आहे, दुसरीकडे काहीतरी अडतंय. काय अडतंय, हे शोधायचं.

आपल्या गावात इथे भाषा आडवी येते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी. व्ही. व्ही. कामतांनी बिने ही मूळची परदेशी बुद्ध्यांक चाचणी १९३४ मध्ये मराठी आणि कन्नडमध्ये आणली, ती याच गरजेतून. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारले, तर त्या ८४ मध्ये बुद्धी किती आणि भाषेची ओळख किती? म्हणून चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे आधी विचारा. मला हे फार कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण अशा आकड्यावरून मुलाला 'मठ्ठ' म्हटलेलं मी ऐकलंय.

चाचणीत ऐकलेले आकडे उलट क्रमानं म्हणताना मूल अडखळलं असेल, तर त्याला एका दमात चार सूचना देऊ नका. चिन्हं उतरवायचा वेग कमी असेल, तर जास्त गृहपाठ देऊन तो वाढत नाही. त्याला लिहायला वेळ द्या.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, मात्र नुसत्या बुद्ध्यांकावरून ठरत नाही. त्यासाठी वाचन, लेखन आणि गणित वेगळं तपासावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मागता येतात.

आणि आकडा आवडला नाही म्हणून महिन्याभरात तीच चाचणी दुसरीकडे करून घेऊ नका. प्रश्न ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे गुण उगाच वाढतात.