४५ फुटी चिमटा

परवा पाऊस आला म्हणून धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढत होते, तर एका चिमट्याची स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट खालच्या काकूंच्या तुळशीत. हातात उरल्या लाकडाच्या दोन पट्ट्या. फेकून द्यायच्या सोडून मी त्या एकमेकींना लावून बघत बसले, कपडे भिजले ते भिजलेच.

हा सगळा शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचा दोष. जन्म स्टॉकहोमचा, १९२९ चा, वाढला शिकागोत, आणि पॉप आर्टवाल्यांतला, म्हणजे रोजच्या साध्या वस्तू नि जाहिरातींचीच कला करणाऱ्यांतला, माझा सगळ्यात लाडका. मासिकांतल्या जाहिराती, फोटो कापून वहीच्या पानावर चिकटवायचे, शेजारी पटकन स्केच करायचं, दोन शब्द खरडायचे, असा त्याचा उद्योग. आपण किराणा लिहितो तसं, फक्त याच्या यादीतला बर्गर १९६२ मध्ये माणूस लोळू शकेल एवढा मोठा होऊन जमिनीवर येऊन बसला. कॅनव्हासचा, आत फोम आणि खोके कोंबलेले. (शिवणकाम बायकोचं, पॅटीचं. नाव मात्र कुणाचं झालं ते सांगायला नकोच!)

चिमट्याची गंमत अजून भारी आहे. १९२२ साली शिकागो ट्रिब्यून या वर्तमानपत्रानं आपल्या इमारतीसाठी डिझाइनची स्पर्धा घेतली होती, त्यात या पठ्ठ्यानं १९६७ मध्ये एन्ट्री काढली, म्हणजे ४५ वर्षं लेट, आणि काय तर उंचच उंच चिमटा. ते कागदावरच राहिलं, पण १९७६ ला फिलाडेल्फियात सिटी हॉलसमोर खरोखर स्टीलचा चिमटा उभा राहिला, उंची बरोब्बर ४५ फूट. हा निव्वळ योगायोग असणार, पण मला असले योगायोग आवडतात. त्याची स्प्रिंग इंग्रजीतल्या शहात्तरसारखी दिसते, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष ना ते. आणि त्या दोन पट्ट्या म्हणजे एकमेकांना बिलगलेलं जोडपं, ब्रांकुशीच्या 'किस' या शिल्पासारखं. एकदा हे कळलं की चिमटा परत नुसता चिमटा दिसत नाही हो, बनियन वाळत घालताना उगाच अवघडल्यासारखं होतं.

संध्याकाळी काकू स्प्रिंग घेऊन वर आल्या, "तुमचीच ना गं ही?" आता दोन्ही पट्ट्या आणि स्प्रिंग माझ्या वहीत सेलोटेपनं चिकटवल्यात, शेजारी चित्रही काढलंय, जरा बेडकासारखं झालंय. वही काही केल्या मिटत नाहीये, रबरबँड लावलाय.