तेविसावी फ्रेम

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेताना आपला आकार कसा बदलते हे दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मला करून द्यायची होती. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून हिमोग्लोबिनच्या दोन रचना घेतल्या: ऑक्सिजनविरहित २एचएचबी आणि ऑक्सिजनसह १एचएचओ. कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तर एकीत प्रथिनाच्या चार साखळ्या (दोन अल्फा, दोन बीटा) आणि दुसरीत दोनच. १एचएचओच्या फाइलमध्ये अर्धाच रेणू असतो. उरलेला अर्धा स्फटिकाच्या सममितीवरून उभा करून त्याच्या साखळ्यांना नवी नावे देईपर्यंत दुपार झाली. (या कामात हे प्रत्येकाचे एकदा होतेच.)

पुढचे मात्र सुरेख जमले. ६० फ्रेममध्ये एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या संदर्भात सुमारे १५ अंशांनी फिरत होती आणि हीमच्या (ऑक्सिजन धरणाऱ्या चपट्या भागाच्या) प्रतलाबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असलेले लोह आत सरकत होते. बीटा साखळ्यांच्या टोकाच्या १४६व्या अमिनो आम्लाचे, म्हणजे हिस्टिडीनचे, चार सॉल्ट ब्रिज (विरुद्ध विद्युतभारांमधले बंध) मी पिवळ्या तुटक रेषांनी दाखवले होते. अंतर ४ अँगस्ट्रॉमच्या पुढे गेले की रेषा नाहीशी होई.

संध्याकाळी जीवरसायनशास्त्राच्या मॅडमनी ते पाहून विचारले, "यातला आधी कोणता तुटतो?"

"ॲस्पार्टेट ९४ शी असलेला, तेविसाव्या फ्रेमला. लायसिन ४० शी असलेला त्यानंतर," मी बेधडक सांगितले.

त्यांनी ते वहीत उतरवून घेतले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण उद्या हेच फळ्यावर जाणार होते. प्रयोगातून आलेल्या फ्रेम दोनच होत्या, पहिली आणि शेवटची. मधल्या ५८ सॉफ्टवेअरने अणू एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवत भरल्या होत्या, आणि तिथला क्रम निसर्गाचा आहे असे मानायला काहीच आधार नव्हता. मी त्यांच्यासमोरच पद्धत बदलून अणू सरळ रेषेत सरकवले. क्रम उलटा झाला.

"म्हणजे हे खोडू?"

"खोडा, मॅडम. चूक माझी."

आता चित्रफितीत चारही रेषा एकदमच फिक्या होत जातात आणि कोपऱ्यात ‘मधल्या अवस्था गणिताने भरलेल्या आहेत’ अशी ओळ राहते. तिची अक्षरे मॅडमनी दोनदा मोठी करायला लावली.