कोपऱ्यातलं नाव : आमची वाटचाल

आमचे वडील कोल्हापुरात बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, तालमींचे फलक, निवडणुकीच्या भिंती. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गिऱ्हाइकंही आबा पेंटरच म्हणायची. १९९५ च्या सुमारास केबलवर लोकल चॅनल काढणारे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. म्हणाले, "आबा, टीव्हीच्या कोपऱ्यात दिसेल असं आमचं नाव काढून द्या." आमच्या ग्राफिक्सच्या धंद्याची सुरुवात ही अशी झाली. पुढे त्या वाहिनीचा लोगो तीन वेळा बदलला आणि दर वेळी तो आमच्याच टेबलावरून गेला.

कोपऱ्यात कायम बसलेलं नाव ही तेव्हा नवी गोष्ट होती. आम्ही लहानपणी पाहिलेलं दूरदर्शनचं चिन्ह कार्यक्रमांच्या मधे यायचं, गोल फिरत डोळ्याचा आकार घ्यायचं आणि जायचं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेलं ते चिन्ह आणि पंडित रविशंकरांची धून, एवढ्यावर अख्खा देश वाहिनी ओळखत होता. कारण वाहिनी एकच होती. केबल आली, बटणं वाढली, मग लोकांना दर क्षणी 'हे कुठलं चॅनल' हे कळायला लागायचं. शिवाय आपलं चित्रीकरण दुसऱ्याने उचललं तर कोपऱ्यातलं नाव हाच पुरावा.

आबांनी काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पोस्टर कलरने नाव काढलं. एक कॅमेरा दिवसभर त्या कार्डासमोर उभा असायचा आणि मिक्सरवर काळा भाग उडवून फक्त अक्षरं चित्रावर बसवायचे. स्टँडला कुणाचा पाय लागला की शहरभर लोगो तिरका. नावातलं पहिलं अक्षर 'क' होतं. पहिल्या कार्डात त्याचं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, पडद्यावर बुजून गेलं, नुसता पांढरा ठिपका दिसायला लागला. आबांनी दुसरं कार्ड केलं, पोट जवळजवळ दीडपट मोकळं ठेवलं. हातात घेतलं तर ते अक्षर बेढब वाटायचं, टीव्हीवर मात्र अगदी नेमकं. उंचावरच्या पाटीला जो हिशोब तोच इथे, असं ते म्हणायचे. ती दोन्ही कार्डं आजही ऑफिसात आहेत.

मी कॉलेज संपवून या कामात आलो तो एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून घेतलेला जुना अमिगा संगणक आणि जेनलॉक, म्हणजे संगणकातली अक्षरं चालत्या चित्रावर बसवणारं यंत्र, घेऊन. आता कार्ड गेलं, नाव थेट संगणकातून चित्रावर. पण आठवड्यात फोन यायला लागले, कोपऱ्यात काहीतरी थरथरतंय म्हणून. दोष शिरोरेषेत होता. आपला जुना टीव्ही चित्र एका दमात दाखवत नव्हता. आधी विषम ओळी, मग सम, असं सेकंदाला पन्नास वेळा अर्धं अर्धं. मी शिरोरेषा एकाच ओळीची, नाजूक काढली होती, त्यामुळे ती एका फेरीत दिसायची, पुढच्या फेरीत गायब. रोमन अक्षरांना हा त्रास कमी. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ही आडवी रेघ, म्हणून थरथर अख्ख्या शब्दाची. रेघ तीन ओळींची केली, वरखाली कडा किंचित मऊ केल्या, तेव्हा ती शांत झाली. मराठी नाव पडद्यावर घालणाऱ्या प्रत्येकाने हे शिकायला हवं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटत आलं आहे.

मात्रांचं दुखणं वेगळं. चित्राची कड टीव्हीच्या चौकटीमागे जायची. ७२० बाय ५७६ च्या चित्रात डावी-उजवीकडून साधारण ७२ आणि वर-खालून ५८ ठिपके (पिक्सेल) सोडूनच अक्षर ठेवायचं, हा नियम. इंग्रजी नाव जरा वर सरकलं तरी निभतं. आपली वेलांटी गेली तर शब्दच बदलतो.

मग उपग्रह वाहिन्यांचा जोर आला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी, आणि त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला सह्याद्री हे नाव मिळालं. आमच्या वाहिनीच्या मालकांनाही सोनेरी, फिरणारा लोगो हवा झाला. श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधलं अक्षर घेऊन आम्ही तो थ्रीडीत केला, दोन रात्री संगणक चित्रं काढत होता. विसर्जनाच्या थेट प्रक्षेपणाला तो पहिल्यांदा लागला. लोगोच्या चित्राची टार्गा फाइल देताना, कुठला भाग आरपार दिसावा हे ठरवणारा पारदर्शकतेचा थर मी चुकीचा दिला होता, त्यामुळे महाद्वार रोडवरून निघालेल्या मिरवणुकीवर रात्रभर अक्षरांभोवती काळी कड दिसत राहिली. चूक पूर्णपणे माझी होती. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून कुठलीही फाइल आम्ही आधी पांढऱ्या, मग काळ्या, मग हलत्या चित्रावर ठेवून बघतो आणि शेवटी माझी पत्नी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. तिची सही झाल्याशिवाय काही बाहेर जात नाही.

सेट-टॉप बॉक्स आले, घरोघरी रुंद टीव्ही आले. जुनं चौकोनी चित्र ताणलं गेलं आणि लोगोतल्या वर्तुळाचं अंडं झालं. चौथी आवृत्ती त्यासाठी. सोनं काढलं, सपाट रंग ठेवला.

आज आम्ही चौघं आहोत आणि पाचव्या आवृत्तीवर काम चालू आहे, कारण निम्मे प्रेक्षक आता बातम्या मोबाइलवर बघतात. तिथे आपला लोगो नखाएवढा. तयार फॉन्ट बरेच लावून पाहिले. शेवटी आमच्या मुलीने आबांचं ते दुसरं कार्ड स्कॅन केलं आणि त्यातल्या 'क'वरून बाकीची अक्षरं काढायला घेतली. मालकांचे चिरंजीव आता वाहिनी सांभाळतात. त्यांना शिरोरेषा बारीक हवी आहे, आम्ही जाड सुचवली आहे. सोमवारी दोन्ही नमुने मोबाइलवर, रुंद टीव्हीवर आणि कपाटावरच्या आमच्या जुन्या एकवीस इंची टीव्हीवर लावून दाखवणार आहोत.