सत्तावीस तारखेची संध्याकाळ

२०२३च्या मे महिन्यात ह्यांची नाशिकमधली अंबडची नोकरी गेली. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, क्वालिटीला. कंपनीनं ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं आणि हिशोब करून हातात चेक दिला. घरकर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी होते, म्हणून जुलैत पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट विकला. ऑगस्टमध्ये मुलगा शिकायला पुण्याला गेला. पगार, घर आणि पोर, तीन महिन्यांत तिन्ही लांब गेलं. आम्ही दोघं सासूबाईंच्या शरणपूरजवळच्या दोन खोल्यांत आलो.

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास तीन पिढ्यांचा. रविवारची उपासना, घरोघरची प्रार्थनासभा, स्त्री मंडळ, सगळं अंगवळणी पडलेलं. म्हणूनच जे झालं त्याची मला फार लाज वाटे. मला प्रार्थना येईनाशी झाली. डोळे मिटले की होस्टेलची फी, घरखर्च, ह्यांचा उतरलेला चेहरा. रात्री तीनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. मंडळीत कुणी म्हणालं, "ताई, प्रभू सगळं चांगलं करील," की मी आमेन म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे वचन लहानपणापासून पाठ होतं, पण त्या दिवसांत ते ऐकलं की कुणी रागावतंय असं वाटायचं. प्रेषित पौलानं ते तुरुंगातून लिहिलं हे संडे स्कूलमध्ये शिकले होते. बंद दाराआड बसलेल्या माणसाचे ते शब्द आहेत हे मनात मात्र तेव्हा उतरलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. चहा झाला, प्रार्थना झाली. निघताना मी दारातच त्यांना सांगून टाकलं, की माझ्याकडे देवाशी बोलायला शब्दच उरलेले नाहीत. ते पुन्हा आत येऊन बसले. म्हणाले, "मग शब्द शोधू नका. उसने घ्या. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे." स्तोत्रसंहिता म्हणजे पवित्र शास्त्रातलं, बायबलमधलं, दीडशे स्तोत्रांचं पुस्तक. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ही स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत वाटून दिलेली आहेत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. आज तारीख कोणती एवढंच बघायचं. मन लागतंय का, समजतंय का, काही विचारायचं नाही. माझ्या पवित्र शास्त्रात त्यांनी पेन्सिलीनं तारखा घालून दिल्या.

१ सप्टेंबरला सुरुवात केली. मला वाटलं होतं, गोड गोड वाचायला मिळेल. पहिल्याच संध्याकाळी सहावं स्तोत्र आलं. कण्हून कण्हून थकलेला, रात्रभर आसवांनी अंथरूण भिजवणारा माणूस! मी वाचता वाचता थांबले. ही तर माझीच रात्र होती, आणि ती शास्त्रात लिहिलेली होती. देवाजवळ गाऱ्हाणं नेलं तर विश्वास कमी पडला असं होत नाही, हे मला बेचाळीस वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

४ तारखेच्या संध्याकाळी बाविसावं आणि तेविसावं एकत्र येतात. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलेलं वाक्य, आणि पान उलटलं की मेंढपाळाचं स्तोत्र. एकाच बैठकीत दोन्ही तोंडातून काढावी लागतात. तेविसावं मी लग्नात, अंत्यविधीला, सगळीकडे ऐकलेलं होतं, पण बाविसाव्याच्या पाठोपाठ म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला.

सगळे दिवस असे नव्हते. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे आणि ते २४च्या संध्याकाळी सुरू होऊन २६च्या संध्याकाळी संपतं. त्यात मी दोनदा झोपले. १७ तारखेला रविवार होता. उपासनेला जाण्याआधी अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. चर्चला चालत जाताना वाटेत शरणपूरबद्दल विचार करत होते. १८५०च्या दशकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीनं हे गाव वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली जात, शिकवली जात, सुतारकाम-लोहारकाम दिलं जाई. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचं १८७३ मध्ये तिथेच निधन झालं तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. आईबापांपासून तोडलेल्या त्या लेकरांनी इथेच प्रार्थना शिकली. त्यांनाही रात्री जाग येत असेल. शरण येण्याचं गाव म्हणून शरणपूर, आणि मी मात्र इथे नाइलाजानं आले म्हणून कुढत होते.

२७च्या संध्याकाळचं शेवटचं स्तोत्र १३१वं, जेमतेम तीन वचनांचं. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, रस्त्यावर ढोल चालले होते, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. दूध तुटलेलं बाळ आईपाशी असतं तसा माझा जीव माझ्या ठायी शांत आहे, असं त्यात आहे. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "तुझा पोरगा आठव."

आठवला. दोन वर्षांचा असताना अंगावरचं तोडायला मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. दोन रात्री त्यानं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या रात्री तो माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपला. काही शोधलं नाही, काही मागितलं नाही. दूध मिळालं नव्हतं, आई मात्र होती. मी तोवर देवापाशी फक्त दूध मागत होते: नोकरी, घर, पोर जवळ. त्या रात्री मी काही मागितलं नाही. कितीतरी आठवड्यांनी सकाळी साडेपाचपर्यंत झोपले.

त्यानंतरही तीन वाजता जाग आलीच, पुष्कळदा आली. मग दिवा न लावता त्या दिवसाची पाठ झालेली ओळ पुटपुटत पडून राहायचे. फेब्रुवारीत ह्यांना सिन्नरला मुसळगावच्या एका कारखान्यात काम लागलं, आधीपेक्षा कमी पगाराचं. मी डबे करू लागले. संध्याकाळी आता हेही वाचायला बसतात. त्यांचा आवाज मोठा आहे, म्हणून गाऱ्हाण्याची स्तोत्रं त्यांच्याकडे.

महिन्यात ३१ तारीख असेल तर त्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे ३०चीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची. सासूबाईंना ते महिने फार आवडतात, कारण शेवटची चारही स्तोत्रं स्तवनाची आहेत आणि ती लागोपाठ दोन दिवस मिळतात. दीडशेव्यात झांजांचा उल्लेख आला की त्या उशाजवळच्या दोन स्टीलच्या वाट्या एकमेकींवर वाजवतात.