पोलोच्या तबेल्यात मी काय करते, तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढी शिकलीस आणि लॉर्ड लोकांच्या घोड्यांची लीद काढतेस?" हे मावशी विचारते तेव्हा त्यात काळजी असते, फॅमिली ग्रुपवर कोणी विचारतं तेव्हा टोमणा असतो आणि भाची विचारते तेव्हा राजकारण असतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमले, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते.

हो, काढते लीद. इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्समधे, मिडहर्स्टच्या आसपास एका खासगी तबेल्यात उन्हाळाभर मोतद्दाराचं काम करते, इथे ग्रूम म्हणतात. खरारा करायचा, आयाळ मशीनने पार उतरवायची, मॅचच्या आधी शेपटीची वेणी घालून ती वर दुमडून टेपने घट्ट बांधायची म्हणजे मॅलेट (घोड्यावरून चेंडू मारायची लांब काठी) तिच्यात अडकत नाही, मग चारी पायांना बँडेज. पगार विचारू नका.

आणि "पोलो मुळात आपला, मणिपूरचा, साहेबाने ढापला" हे पण सांगू नका प्लीज. माहितेय. मणिपुरी लोकांचा खेळ बघून चहामळेवाल्या इंग्रजांनी 1859 मधे सिल्चरला क्लब काढला, तिथून तो पलटणींबरोबर इकडे आला. पण त्याचा आणि मी सकाळी साडेपाचला उठून बादल्या भरते त्याचा काय संबंध?

मला या खेळात ओढलं ते काऊड्रेच्या गोष्टीने. मिडहर्स्टला लागून काऊड्रे इस्टेट आहे, तिथला जुना वाडा 1793 मधे जळला, भिंती अजून उभ्या आहेत. आणि मावशी, तू समजतेस तसे हे काऊड्रेवाले काही पिढीजात सरदार नव्हेत. 1909 साली इस्टेट विकत घेतली ती वीटमन पिअर्सनने, म्हणजे कंत्राटदाराने, थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा खणणारी कंपनी त्याची, पुढे मेक्सिकोत तेल लागलं. लॉर्ड नंतर झाला. मुलगा हॅरॉल्डने 1910 मधे इथे पोलो सुरू केला.

मग दुसरं महायुद्ध, खेळ बंद. लंडनमधल्या हर्लिंगहॅम क्लबची पोलोची मैदानं युद्धानंतर कौन्सिलने सक्तीने ताब्यात घेतली, घरं आणि बाग करायला. (बरोबरच केलं, मला विचाराल तर.) त्या वेळी इंग्लंडमधला पोलो जवळजवळ संपल्यातच जमा होता. तो परत उभा केला हॅरॉल्डच्या मुलाने, तिसऱ्या लॉर्ड काऊड्रेने, आणि या माणसाचा डावा हात 1940 मधे डंकर्कच्या लढाईत गेलेला. पोलोत मॅलेट उजव्याच हातात धरायची असते, त्यामुळे फटका मारायची सोय शाबूत होती, पण लगाम असतो डाव्या हातात. आणि लगाम म्हणजे निम्मा खेळ, घोडा भरधाव असताना थांबवायचा, जागच्या जागी वळवायचा, सगळं त्या चार बोटांवर. तर हा माणूस खोट्या हाताच्या हुकात लगाम अडकवून खेळायचा. 1947 पासून वीसेक वर्षं पोलो असोसिएशनचा अध्यक्ष राहिला, 1953 मधे कोरोनेशन कप काऊड्रेला झाला, 1956 मधे गोल्ड कप सुरू झाला तो अजून तिथेच होतो.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विरघळलेच. नवऱ्याला रात्री जागं करून सांगितलं होतं. आता मीच तेव्हाच्या मला म्हणते, अगं, मैदान लंडनचं गेलं आणि काऊड्रेचं राहिलं यात हुकाचा वाटा किती आणि 16,000 एकरांच्या वर जमीन एका घराकडे असण्याचा किती? जुनी मी म्हणते, जमीन तर बऱ्याच जणांकडे होती, त्यांनी कुठे केलं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आज गोल्ड कपच्या टीम बघितल्या तर एक पैसेवाला पेट्रन, म्हणजे टीमचा मालक, आणि बरोबर पगारी खेळाडू, बरेचसे अर्जेंटिनाचे. याला परंपरा म्हणायचं का धंदा, तुम्हीच ठरवा.

पण भाचीचा खरा प्रश्न घोड्यांचा आहे आणि ते मी आजपर्यंत टाळत आलेय.

कुठल्या मैदानावर ते सांगणार नाही. माझ्याकडच्या घोड्यांत एक तांबूस घोडी होती, अर्जेंटिनाहून आलेली, बूट चावायची खोड असलेली. तिसऱ्या चक्करमधे (पोलोच्या एका डावाला चक्कर म्हणतात) ती वळली आणि खाली बसल्यासारखी झाली, परत उठली, पुढचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. मोडल्याचा आवाज वगैरे आला नाही, निदान मला नाही. मी धावले. तोपर्यंत हिरवे पडदे आले, हे पडदे गाडीत तयारच ठेवलेले असतात हे मला माहीत होतं, दर मॅचला बघायचे, पण ते कशासाठी याचा कधी नीट विचार केला नव्हता. मी तिचं डोकं धरलं. घामाने ती निथळत होती, तीन पायांवर उभी, आणि माझ्या हाताला नाक लावून साखर शोधत होती. व्हेट बाईंनी पाय बघितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच. इंजेक्शनला फार वेळ लागत नाही. ती पडताना बाजूला हो असं मला ओरडून सांगावं लागलं.

तिला हलवल्यावर उरलेला खेळ झाला. मधल्या सुट्टीत स्पीकरवरून नेहमीसारखंच सांगितलं, या सगळ्यांनी मैदानात आणि टापांनी उखडलेले ढेकूळ पायाने दाबून टाका, आणि लोक हॅट घालून, ग्लास घेऊन, मुलांना घेऊन आले. दोष त्यांना कसा देऊ, बऱ्याच जणांना पडद्यामागे काय झालं ते कळलंच नव्हतं. खेळाडू मात्र लॉरीच्या मागे बसून लहान मुलासारखा रडत होता. तो रडला नसता तर बरं झालं असतं, मला सरळ राग तरी धरता आला असता.

आता माझी वकिली ऐका. एक चक्कर सात-साडेसात मिनिटांचा, त्यानंतर घोडा बदलतात. चेंडूच्या रेषेत आडवं घुसलं की अंपायर शिट्टी मारतो, तो नियम घोडा आणि माणूस दोघांसाठीच आहे. हिवाळ्यात नाल काढून त्यांना महिनोन् महिने कुरणात मोकळं सोडतात. हे सगळं खरं आहे, मी स्वतः बघते. भाची म्हणते, "तिने यातलं काही मागितलं होतं का?" नव्हतं.

मग सोडत का नाहीस? घोड्यांसाठी राहते असं मी सांगायचे, पण मी नसले तर दुसरी कोणी येईल, बहुतेक माझ्यापेक्षा हाताने हलकी. मला हे काम आवडतं. टेप सुटल्यावर घोडा शेपटी झटकून पहिला मोठा श्वास सोडतो ना, तेव्हा शेजारी उभं राहायला आवडतं. भाचीला हे उत्तर वाटत नाही, आणि तिला पटवायला माझ्याकडे दुसरं नाहीये. एप्रिलच्या शेवटी घोडे परत कामाला लागतील, तबेल्यातून मेसेज आला होता, येते म्हणून कळवलंय.