एका फाइलीत मावणारा बग

मुलुंडच्या एका हाउसिंग सोसायटीचे खजिनदार फोनवर भडकले होते. "अहो, मेंटेनन्सचे पैसे खात्यातून गेलेत आणि तुमचं अ‍ॅप अजून ‘प्रलंबित’ काय दाखवतंय?" बाकीच्या पावत्या ठीक, मधूनच एखादी अशी. टीममध्ये लगेच एकमत झालं: रेल्समध्येच, म्हणजे ज्या रुबी फ्रेमवर्कवर आपण सगळं बांधलंय त्यातच बग आहे, कळवून टाकू. पण कळवायचं काय? आमचं अख्खं अ‍ॅप कोण चालवून बघणार?

त्यासाठी रेल्सने तयार नमुने ठेवलेत. एकच रुबी फाइल. वर ‘बंडलर इनलाइन’मध्ये लागणारे जेम (रुबीची तयार पॅकेजेस), मग मेमरीतला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, छोटंसं टेबल, ते हाताळणारं मॉडेल आणि खाली मिनिटेस्ट या चाचणी-लायब्ररीची टेस्ट. मी पावतीच्या स्थितीच्या दोन नोंदी टाकल्या, वेळेनुसार शेवटची मागितली. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. पुन्हा चालवली, हिरवीच.

‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणून माणसं उठतात ती इथेच. नमुना आपल्या अ‍ॅपचा पसारा काढतो, सोबत आपला डेटाबेसही काढतो. आमचा सगळा कारभार मायएसक्यूएलवर. स्क्रिप्टमधला डेटाबेसचा अडॅप्टर बदलून मायएसक्यूएलचा केला, तरी हिरवी! आता मात्र डोकं खाजवायची पाळी आली.

मग खऱ्या टेबलावर ‘शो क्रिएट टेबल’ ही रचना दाखवणारी आज्ञा मारली. नोंदीच्या वेळेचा रकाना नुसता ‘डेटटाइम’, पुढे कंसात काहीच नाही. रेल्स 6.0 पासून टाइमस्टॅम्पच्या रकान्यांना सेकंदाचे 6 दशांश आपोआप मिळतात. आमचं टेबल त्याआधीचं. माझ्या स्क्रिप्टमधलं टेबल मात्र कोरं, नव्या नियमाने बनलेलं. जुन्या टेबलाचं एसक्यूएल जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये चिकटवलं, वेळाही हाताने दिल्या: 10:00:00.1 ला ‘प्रलंबित’, 10:00:00.4 ला ‘भरली’.

लाल! इतका आनंद हिरव्याचाही कधी झाला नव्हता.

दशांशाला जागाच नसल्याने दोन्ही नोंदी 10:00:00 च्या झाल्या होत्या. बरोबरीत कुठली आधी द्यायची ते मायएसक्यूएलची मर्जी. त्यानंतर एकेक ओळ उडवत गेलो: कॉलबॅक, सदस्याचं मॉडेल, व्हॅलिडेशन. तरी लालच. उरलेली फाइल मोबाइलच्या स्क्रीनवर मावेल एवढी. ती ग्रुपवर टाकल्यावर रेल्सला दोष देणारे गप्प झाले.

क्रम लावताना वेळेमागोमाग आयडी घातला, ते त्याच संध्याकाळी चढवलं. रकाना 6 दशांशांचा करणारी मायग्रेशन मध्यरात्रीसाठी ठेवली. टेबल मोठं आहे, आणि बिलं भरायच्या दिवसांत त्याला दिवसाढवळ्या हात लावायची माझी तरी छाती नाही.