काढून टाकता न येणारी ॲप्स

आज बाबांचा नवा अँड्रॉइड फोन सुरू करून देताना असे दिसले की, आम्ही न मागितलेली कितीतरी ॲप्स त्यात आधीच बसवलेली आहेत आणि त्यांतली काही पुसताच येत नाहीत, केवळ ‘बंद’ करता येतात. बंद केलेले ॲपही जागा अडवूनच ठेवते, आणि स्वस्त फोनमध्ये ती जागा मुळातच अपुरी असते.

बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने हा प्रश्न गांभीर्याने घेतला होता. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड तर ठोठावलाच, शिवाय आपली आधीच बसवलेली ॲप्स काढून टाकण्यापासून वापरकर्त्याला रोखू नये, असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये, आयोगाच्या आदेशांवरील अपिले ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला; मात्र जे चार निर्देश रद्द केले, त्यांत नेमका हाही होता. दंड सरकारजमा होतो, पण ग्राहकाच्या हाती प्रत्यक्ष काही देणारा निर्देश गेला, याचे मला अतिशय वाईट वाटते.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने ॲप्स काढून टाकण्याची मुभा देणे तिथे व्यवसाय करणाऱ्या बड्या डिजिटल कंपन्यांना बंधनकारक केले आहे; अपवाद फक्त यंत्रणेसाठी अत्यावश्यक असलेल्या ॲप्सचा. अशीच तरतूद आपल्याकडेही हवी. तोपर्यंत कोणती ॲप्स काढता येणार नाहीत आणि ती किती जागा व्यापतात, हे फोनच्या खोक्यावर छापणे तरी सक्तीचे करावे.